बाबांच्या फ्लॉप्या



तुमचे गणिताचे सर म्हणजे माझे बाबा. निवृत्त झाल्यावर १९८९ साली ते सहा महिने आमच्याकडे अमेरिकेत राहिले. दुपारी त्यांचा वेळ जाईना. मी म्हटलं, शाळेच्या आठवणी सांगा, मी टाइप करते. घरी अ‍ॅपल टू-ई होता. त्यात देवनागरी कुठली! 'अ‍ॅपलवर्क्स'मध्ये रोमन लिपीत मराठी लिहिलं. सव्वापाच इंची तीन फ्लॉप्या झाल्या.

पुढे घर बदललं, तो संगणक गेला, बाबाही गेले. फ्लॉप्या डब्यात राहिल्या. आजच्या संगणकात त्या घालायला जागाच नाही.

मग कळलं, की १९९१ मध्ये अ‍ॅपलने मॅकिंटॉश एलसीसाठी एक कार्ड काढलं होतं. अमेरिकेतल्या शाळांकडे अ‍ॅपल टूच्या प्रोग्रामांचे ढीग होते. ते टाकून नवा संगणक कोण घेणार? म्हणून हे कार्ड. त्यावर जुन्याच जातीचा ६५सी०२ प्रोसेसर. मॅकच्या पोटात अ‍ॅपल टू-ई बसवल्यासारखंच. मागे वाय आकाराची केबल, तिला जुना फ्लॉपी ड्राइव्ह.

गेल्या वर्षी एका निवृत्त शिक्षिकेकडून असा मॅक मिळाला, कार्डासकट. केबल नव्हती, ती शोधण्यात तीन महिने गेले. त्यात मॅकमधली ३२-बिट मेमरीची सेटिंग बंद केल्याशिवाय कार्ड चालेना. हे समजायला अख्खा रविवार गेला. (बाबा म्हणाले असते, आधी प्रश्न नीट वाच.)

शेवटी ड्राइव्ह खडखडला आणि अ‍ॅपलवर्क्स उघडलं. दोन फ्लॉप्या मी वाचत वाचत देवनागरीत वहीत उतरवल्या. जिन्याखालचं ग्रंथालय, गळका वर्ग, सहलीत चुकलेली बस, सगळं आहे. वही तिकडे टेबलावर ठेवली आहे, जरूर चाळा.

दुसऱ्या फ्लॉपीच्या शेवटी बाबा सांगतात, की दहावी 'ब'मधल्या एका मुलाला त्यांनी कॉपीच्या संशयावरून वर्गासमोर पट्टीने मारलं. दोन दिवसांनी कळलं, त्याने काही केलंच नव्हतं. "त्याला 'चुकलो' म्हणायचं राहून गेलं. नाव उद्या सांगतो," असं म्हणून ते थांबले.

तिसरी फ्लॉपी वाचता आली नाही. चकतीवरचा थरच सुटलाय. मी टाइप केलं होतं, पण नाव मलाही आठवत नाही.

तो मुलगा आज इथे असेल, तर जेवणाआधी मला भेट रे. बाबांचं ते पान मी तुझ्यासाठी वेगळं लिहून आणलंय.