शुश्रूषेचे शास्त्र आणि गावचा कारभार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या कोणी विदुषी बोलावण्याची आपली रीत आहे. यंदा कार्यकारिणीने ठरविले की, घरच्याच बाईने बोलावे. विषय मात्र भारदस्त दिला: परिचर्येच्या शास्त्राचा पुढारीपणाला आणि आरोग्याच्या धोरणाला काय उपयोग? माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण माझ्या नणंदेची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत ती आमच्याकडे आली की, तिची पुस्तके माजघरभर पसरलेली असतात. मी विचारीत गेले आणि ती सांगत गेली. ऐकता ऐकता ध्यानात आले की, यातले निम्मे तर आपण रोज हातांनी करतो. त्याला शास्त्र म्हणतात, एवढेच आपल्याला कोणी सांगितले नव्हते.

या शास्त्राची सुरुवात फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईपासून धरतात. जन्म १८२०, मृत्यू १९१०. तिचा १२ मे हा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. हातात दिवा घेऊन रात्री जखमी शिपायांमधून फिरणारी बाई, हे चित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेले आहे. मला त्या चित्राचा थोडा राग आहे. दिवा सर्वांच्या लक्षात राहिला. तिने जमविलेले आकडे मात्र कोणाला ठाऊक नाहीत, आणि खरे काम त्या आकड्यांनी केले.

घडले ते असे. क्रिमियाच्या लढाईत, १८५४ च्या नोव्हेंबरात, ३८ परिचारिका घेऊन ती तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचली. धुतलेले कपडे, स्वच्छ अंथरूण, नीट शिजविलेले अन्न, सगळे तिने सुरू केले. तरी माणसे मरतच होती. १८५५ च्या फेब्रुवारीत तेथे दाखल झालेल्या शंभरांतले सुमारे ४२ दगावत होते, आणि त्यांतले बहुतेक जखमांनी नव्हे, तर हगवण, पटकी आणि तापाने. इस्पितळाची इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी होती. मार्चमध्ये सरकारने पाठविलेले आरोग्याचे पंचमंडळ आले. त्यांनी गटारे धुऊन काढली, पाण्याची वाट मोकळी केली, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा २ च्या आसपास आले.

परत गेल्यावर ती थांबली नाही. विल्यम फार नावाच्या आकडेतज्ज्ञाबरोबर तिने महिन्यामहिन्याचे मृत्यू मांडले आणि तेव्हा तिला स्वच्छ दिसले की, सेवा चांगली असूनही घाणीपुढे सेवेचे चालत नाही. नुसते आकडे मंत्री वाचणार नाहीत हे तिने ओळखले होते. म्हणून तिने पाकळ्यांच्या फुलासारखी एक रंगीत आकृती काढली. रोगाने मेलेले एका रंगात, जखमांनी मेलेले दुसऱ्या रंगात. पाहणाऱ्याला अक्षर न वाचता कळावे. आपण रांगोळीत रंग भरतो, तिने मृत्यूंची रांगोळी घातली म्हणा ना!

नंतर १८५९ च्या अखेरीस तिचे शुश्रूषेवरचे छोटे पुस्तक निघाले. ते इस्पितळातल्या नर्सेससाठी लिहिलेले नाही, ते घरच्या बायकांसाठी आहे. कारण कधी ना कधी प्रत्येक बाईच्या अंगावर कोणाचे तरी दुखणे येतेच. तिचे सूत्र मी माझ्या शब्दांत सांगते: रोग बरा करते ती निसर्गाची शक्ती, शुश्रूषा करणाऱ्याने तिच्या आड काही येऊ द्यायचे नाही. आणि त्यासाठी घरात पाच गोष्टी हव्यात: शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड. आता या पाचांकडे पाहा. स्वच्छता आपल्या हाती आहे, खिडकी उघडणेही आहे. पण शुद्ध पाणी आणि निचरा? ते एकट्या घराच्या हाती नाही. मोरी कितीही घासा, बाहेरचे गटार तुंबलेले असेल तर ती घासूनही फुकट. म्हणजे शुश्रूषा नीट करू म्हटले की, पाय आपोआप पंचायतीच्या कचेरीकडे वळतात. धोरणाशी तिचा संबंध आहे तो इथे.

त्याच पुस्तकात घरातल्या बारीकसारीक व्यवस्थेवर एक प्रकरण आहे, आणि पुढारीपणाचा धडा मला त्यातच सापडला. तिचे म्हणणे असे की, तुम्ही हजर असताना जे नीट होते, ते तुम्ही नसतानाही व्हावे अशी तजवीज केली, तरच कारभार तुमच्याकडे आहे म्हणावे. आपल्याकडचेच पाहा. सासूबाईंना साखरेची गोळी कधी द्यायची हे एकट्या सुनेला ठाऊक असते. ती दोन दिवस माहेरी गेली की, घर गोंधळते, आणि घरचे म्हणतात, 'तिच्यावाचून पान हलत नाही.' हे कौतुक नव्हे, हा धोका आहे. सार्वजनिक कामात तर मी हे पुष्कळ पाहिले आहे. एक कर्तबगार बाई असते, सगळे तिच्या डोक्यात असते, आणि ती बदलून गेली की, काम बुडते.

आता हिंदुस्थानाशी तिचा संबंध. ती येथे कधी आली नाही. पण १८५९ साली इथल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यास सरकारी आयोग नेमला गेला, तेव्हा तिने छावणीछावणीला प्रश्नपत्रिका पाठविल्या. पाणी कोठून येते? कशातून वाहून आणतात? मैला कोठे जातो? आलेल्या उत्तरांचे गठ्ठे तिने वाचले. १८६३ च्या अहवालात निघाले की, हजार शिपायांमागे वर्षाला ६९ मरतात. लोक म्हणत, ही हिंदुस्थानची हवाच वाईट. ती म्हणाली, हवेला दोष देऊ नका. पाणी, निचरा, दाटी आणि दारू पाहा. १८७३ च्या आपल्या निबंधात तिने हा आकडा १८ वर आल्याचे नोंदविले आहे.

छावण्या सुधारल्या, खेडी तशीच राहिली. हे तिला पुढे सलत राहिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. गावाकडून गोळा होणाऱ्या करातला पहिला वाटा गावच्याच पाण्याला आणि सफाईला मिळावा, अशी मागणी तिने सत्तरी उलटल्यावर सरकारकडे लावून धरली. आणि १८९६ साली तिने खेड्यांतून आरोग्यावर व्याख्याने व्हावीत असे लिहिले. घरोघर बायकांना समजावून सांगायला बायकाच हव्यात, असे तिचे मत होते. बायांनो, आज आपली आशाताई दारात येते तेव्हा मला हे आठवते. आशाताईंची योजना आली २००५ साली. मधे किती वर्षे गेली याचा हिशेब तुम्हीच करा.

आता मी आपल्या गल्लीच्या प्रश्नाकडे येते. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूच्या तापाने किती घरे आडवी झाली, ते मी सांगायला नको. तेव्हा एका कचेरीकडून लेखी सूचना आली: साठविलेल्या पाण्यात अळी सापडल्यास दंड. सूचना चुकीची नव्हती. हा डास स्वच्छ साठ्याच्या पाण्यातच होतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करायची. शिवाय त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि सुकली तरी महिनोन् महिने टिकतात. नुसते पाणी ओतून भागत नाही, आतून घासावे लागते. हे सारे खरे. पण आपण पिंपे भरून का ठेवतो, हे कोणी विचारले का? नळ दिवसाआड येतो, तोही केव्हा येईल त्याचा नेम नाही. ज्या घरात नळाचा भरवसा नाही त्या घरातली बाई भरलेले पिंप कोरडे करील कशी? नाइटिंगेलबाईने पहिला प्रश्न पाण्याचा विचारला असता, दंडाचा विचार मागाहून.

दंडाची सूचना काढणारा माणूस वाईट होता असे मी म्हणत नाही. पण त्याने पिंप भरलेले नाही, आणि तापाच्या माणसाजवळ रात्र जागून काढलेली नाही.

इथे दुसरी एक बाई उपयोगी पडते. अमेरिकेतली परिचारिका डोरोथिया ओरेम. तिचे पुस्तक १९७१ साली निघाले. तिचा विचार साधा आहे. प्रत्येक माणूस आपली काळजी आपण घेत असतो. दुखण्यात ती शक्ती कमी पडते. जेवढी कमी पडते तेवढीच परिचारिकेने भरून काढायची, जास्त नाही. म्हणून काही रोग्यांचे सगळेच करावे लागते, काहींना हात द्यावा लागतो, आणि काहींना नुसते शिकविले की पुरते. भाचीने हे सांगितले तेव्हा मला आपली गल्ली दिसली. धडधाकट घराला सांगितले की पुरे. जिची दोन लेकरे लहान आणि नवरा कामाला परगावी, तिला पिंप उपडे करायला दुसरा हात हवा. आणि टोकाच्या घरातल्या एकट्या आजींचे पिंप आपणच जाऊन घासले पाहिजे. त्यांना दंडाचा कागद देऊन काय होणार? तिघींना एकच कागद, हे धोरण नव्हे. तसेच जिला जमते तिचेही सगळे आपण करीत बसलो तर तेही चुकीचे. त्याने माणूस आळशी होतो आणि कार्यकर्ती थकते. आपल्या मंडळात दोघी-तिघीच सगळे ओढतात, त्यांनी हे जरूर मनावर घ्यावे!

कमी शिकलेल्या बायकांचे ऐकून देशाचे धोरण बदलते का, असे कोणी विचारील. बदललेले आहे, आणि तेही आपल्या महाराष्ट्रात. गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच बायका तयार केल्या. पाच-दहा इयत्ता शिकलेल्या. बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, बाळ उबेत ठेवणे, आईचे दूध लवकर सुरू करणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि वेळ पडल्यास इंजेक्शनही देणे, हे त्या घरी जाऊन करीत. शुश्रूषाच ती. आणि प्रत्येक जन्माची व मृत्यूची नोंद. तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू हजारी ६० च्या वर होते ते २५ च्या आसपास आले. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे २०११ साली ही रीत साऱ्या देशाच्या योजनेत आली. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा-सात वेळा येते ती त्यामुळेच. काम चांगले होते म्हणून हे झाले, हे खरेच. पण नोंद नसती तर दिल्लीत कोणी ऐकले असते असे मला वाटत नाही.

तेव्हा आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. गावच्या आरोग्य, पोषण, पाणी व स्वच्छतेच्या समितीत निदान निम्म्या बायका असाव्यात असे केंद्राचे मार्गदर्शन आहे. गावाला त्यासाठी थोडा निधीही येतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी असा आपल्या राज्याचा कायदाच आहे. त्या सभेला आपण जातो, सही करतो आणि कुकर लावायचा म्हणून परत येतो. मीही घाईत असते, मला कळते. पण यंदा श्रावणाआधीच्या सभेला थोडे थांबू या.

मी कार्यकारिणीशी बोलले आहे, आणि तीन गल्ल्यांसाठी तीन वह्या घातल्या आहेत. एका पानावर एक घर. नळ कोणत्या दिवशी आला, किती वाजता आला, किती वेळ टिकला. घरात ताप कोणाला, कोणत्या तारखेला. पिंप घासायला मदत हवी की नको. आजाऱ्याचे नाव दुसऱ्या घरी बोलायचे नाही, हा नियम पहिल्या पानावर लिहिला आहे. भाचीने तो मुद्दाम लिहायला लावला. प्रत्येक वहीला दोघीजणी, म्हणजे एक परगावी गेली तरी वही थांबणार नाही. लिहिता न येणाऱ्या मावशींनी रेघा मारल्या तरी चालतील. महिनाअखेर आशाताईसमोर बसून बेरीज करायची आणि ती एका मोठ्या कागदावर रंगांनी भरायची. रंगाचे काम मुलींना द्या.

आणि महिला ग्रामसभेत मागणी एकच लिहून द्यायची: नळाचा वार आणि वेळ ठरवा आणि ती फळ्यावर लावा. वेळ ठरली की, कोरडा दिवस आपण आपोआप पाळू, सूचनेचा कागदही लागणार नाही. वर्ष झाले की, त्याच वहीतून दोन पावसाळ्यांचा ताप शेजारी शेजारी मांडता येईल.

वह्या तिकडे टेबलावर ठेवल्या आहेत. वरच्या आळीच्या वहीला अजून एकच नाव आहे. चहाच्या आधी दुसरे लिहून जा.