पाऊण तासाचा तास आणि दुप्पट वेग

वऱ्हाडातल्या गावोगावच्या महाविद्यालयांतून आलेल्या अध्यापक बंधू-भगिनींनो,

अमरावतीला आलेल्या अकोलेकरांना आज उशिरासाठी रस्त्याचे निमित्त नाही. आपल्या अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022मध्ये लोणी ते माना 75 किलोमीटरचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झाले आणि गिनीज बुकात गेले. ऑनलाइन शिकवण्याची आपली वाट मात्र 2020च्या टाळेबंदीपासून खडबडीतच आहे.

तेव्हा आपण वर्गातला पाऊण तासाचा तास उचलला आणि तसाच मोबाइलवर ठेवला. पोरं हुशार. हजेरीला ‘येस सर’ टाकायचे, कॅमेरा बंद, फोन खिशात आणि स्वारी वावरात! रेकॉर्डिंग दुप्पट वेगाने ऐकायचे. सर ‘हे परीक्षेला येते’ म्हणाले की तेवढ्यापुरते थांबायचे. मला यात त्यांची फारशी चूक दिसत नाही. आमची काही व्याख्याने तिप्पट वेगानेही संथच वाटतील.

या पोरांना रंगीत स्लाइडचे काय कौतुक? त्याहून सरस ते रोज पाहतात. त्यांना प्रश्न टाकावा आणि उत्तरासाठी थांबावे. आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या गाडगेबाबांचे कीर्तन सवाल-जवाबावरच उभे असे. बाबा विचारत, लोक उत्तर देत, त्या उत्तराला धरून पुढचा सवाल येई.

कीटकशास्त्राचा तास घ्या. गुलाबी बोंडअळीवर चाळीस स्लाइड दाखवण्यापेक्षा सांगावे, ‘घरच्या कपाशीत न उमललेले, डोमकळी झालेले फूल शोध, पाकळ्या उकल, आत काय दिसते त्याचा व्हिडिओ पाठव.’ ज्याच्या हातात दिवसभर मोबाइल असतो, तो मग त्याच मोबाइलने अभ्यास करतो. शिवाय बापालाही दाखवतो.

एक अडचण आहेच. मेळघाटातले हरिसाल 2016मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजले, पण धारणी-चिखलदऱ्याकडच्या पोरांना रेंजसाठी अजून टेकडी गाठावी लागते. तेव्हा पाठ हलका हवा, एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय चालणारा.

दुपारी अडीचला आपल्यातले काही जण दहा-दहा मिनिटांचा ऑनलाइन पाठ घेतील. पलीकडच्या खोलीत दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी मोबाइल घेऊन बसतील. कंटाळा आला की बाहेर पडायची त्यांना मुभा दिली आहे आणि कोण कितव्या मिनिटाला गेले, ते इथल्या पडद्यावर दिसेल. त्याआधी जेवणात रोडगे आणि वांग्याची भाजी आहे. पाठ घेणाऱ्यांनी बेतानेच जेवावे. आता उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.