खेळातले हेलिकॉप्टर आणि हाताची तालीम



किल्लारीच्या माणसाला हेलिकॉप्टरचे नवल सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. त्यानंतरच्या दिवसांत पुढारी मंडळी आकाशातून उतरताना पाहिलेले कितीतरी लोक या मांडवात बसलेले आहेत. पुढे २५ मे २०१७ रोजी शेजारच्या निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच खाली आले आणि तारांना लागले. आतली सर्व माणसे वाचली, हे सुदैव. हे यंत्र हवेत स्थिर ठेवणे किती नाजूक काम आहे याची साक्ष आपल्या जिल्ह्याला अशी घरबसल्या मिळालेली आहे.

आमचा आजचा विषय मात्र हातभर लांबीच्या हेलिकॉप्टरचा आहे. ते रेडिओवर चालते, आणि ते चालवणारी पेटी, म्हणजे ट्रान्समीटर, दोन्ही हातांत धरून माणूस जमिनीवर उभा असतो. जर्मनीत डीटर श्ल्यूटर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस अशी हेलिकॉप्टरे खरोखर उडवता येतील अशी करून दाखवली. तेव्हापासून शिकणाऱ्याची अडचण एकच. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत यंत्र जमिनीवर आपटते, आणि पाती, शेपटीची दांडी, दांतेरी चाके यांचा खर्च येतो. श्रीमंताच्या मुलाला तो सोसतो, सोयाबीनच्या पट्टीवर घर चालणाऱ्याच्या मुलाला सोसत नाही. त्यातून वेगाने फिरणारे पाते अंगाला लागले तर जीवही जातो. परदेशांत असे मृत्यू घडलेले आहेत. तेव्हा यंत्र न मोडता आणि माणूस न दुखवता हात तयार कसा करावा, हा खरा प्रश्न.

तो नवा नाही. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यात काम करी. त्याने ऑर्गनच्या भात्यांवर डोलणारी एक लहानशी विमानपेटी १९२९ साली तयार केली. लोकांनी तिला जत्रेतले खेळणे ठरवले. पुढे १९३४ मध्ये सैन्याच्या वैमानिकांना टपाल वाहण्याचे काम मिळाले. ढगांत, अंधारात, नुसत्या उपकरणांवर उडण्याची सवय त्यांना नव्हती, आणि थोड्याच आठवड्यांत अनेकजण प्राणास मुकले. मग सैन्याने त्याच खेळण्यांपैकी सहा विकत घेतली. खेळणे म्हणून हिणवलेली वस्तू माणसे मेल्यावर शाळा ठरते, हे आम्हांला जरा कडू वाटते.

आज ती विमानपेटी संगणकात आलेली आहे. पडद्यावर मैदान दिसते, हेलिकॉप्टर दिसते, वारा वाहतो, आणि आपटले की एक कळ दाबून ते पुन्हा उभे राहते. पण कळफलकाच्या बाणांनी ते चालवण्यात अर्थ नाही. ज्या पेटीने उद्या खरे यंत्र उडवायचे तीच पेटी संगणकाला जोडावी, कारण शिकायचे आहे ते अंगठ्यांनी. उजव्या हाताची दांडी पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुकवते. डाव्या हाताची चढ-उतार आणि शेपटी सांभाळते. ही मांडणी आपल्याकडे बरीच चालते, जपानात दुसरी. एकदा हाताला जी बसली ती बदलणे फार त्रासाचे.

जोडणी कशी होते तेही सांगतो. बहुतेक पेट्यांच्या पाठीमागे एक भोक असते. मुळात ते गुरुशिष्यांसाठी आहे: दोघांच्या पेट्या तारेने जोडायच्या, शिष्य चुकला की गुरूने ताबा घ्यायचा. त्या भोकातून साधारण दर २० मिलिसेकंदांनी ठोक्यांची एक मालिका बाहेर पडते. प्रत्येक दांडीचा ठोका १ ते २ मिलिसेकंदांचा, दांडी मध्यावर असली की दीडचा. ही भाषा ओळखणारी छोटी तार संगणकाला लावली की संगणक पेटीला खेळाची दांडी समजतो. नव्या पेट्यांना तर सरळ यूएसबीची तार लागते.

इथे एक बारकावा आहे. खऱ्या हेलिकॉप्टरच्या पात्यांचा कोन तीन छोट्या मोटारी मिळून बदलतात, आणि त्यांचा मेळ पेटी घालते. संगणकातला कार्यक्रमही तोच मेळ आपणहून घालतो. दोघांनी मिळून घातला की दांडी एकीकडे आणि हेलिकॉप्टर भलतीकडे. म्हणून पेटीत साध्या विमानाची, कसलेही मिश्रण नसलेली एक वेगळी नोंद करावी, ट्रिम मध्यावर आणावे, दांड्या चारी कोपऱ्यांत फिरवून संगणकाला त्यांची हद्द दाखवावी, आणि पेटीचे रेडिओ प्रक्षेपण बंद आहे ना ते पाहावे.

आता तालीम. हेलिकॉप्टरची शेपटी आपल्याकडे असते तोवर सारे सोपे. तोंड आपल्याकडे वळले की त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो, आणि बुद्धीला हे कळले तरी अंगठ्याला कळत नाही. अशा वेळी यंत्र ज्या बाजूला कलंडते त्याच बाजूला दांडी न्यावी. जणू पडत्या भिंतीला टेकू देतो आहोत. हे अंगवळणी पडायला शेकडो वेळा आपटावे लागते, आणि पडद्यावरचे आपटणे फुकट असते.

पडद्यावर भीती मात्र नसते. खऱ्या पात्याचा आवाज, डोळ्यांत येणारे ऊन, मोडले तर घरी काय सांगू ही धाकधूक, हे सारे मैदानावरच भेटते. नुसत्या संगणकावर पारंगत झालेल्यास आम्ही उडवणारा म्हणणार नाही.

आणि हा केवळ हौशीचा मामला राहिलेला नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनी परवान्याची वाट घालून दिली; वय १८ पूर्ण आणि दहावी उत्तीर्ण एवढी पात्रता पुरते, आणि प्रशिक्षणात संगणकावरचा सराव असतो. २०२३ मध्ये केंद्र सरकारने बचत गटांतील महिलांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. ड्रोन उपग्रहांच्या आधाराने आपला आपण स्थिर राहतो, हे खरे. पण तो आधार तुटला की सारे पुन्हा अंगठ्यांवर येते, आणि तेव्हा खाली शेतात माणसे असतात. नेपाळात २०१५ च्या भूकंपानंतर ड्रोनांनी पडलेल्या वस्त्यांची चित्रे घेतली. दगडमातीच्या भिंतींवर माळवद घातलेली घरे एका पहाटेत कशी बसली, हे या गावाला ठाऊक आहे. अशी घरे मराठवाड्यात अजून उभी आहेत. तशी वेळ आली तर बाहेरून पथक येईपर्यंत गावावरून एक फेरी मारून कोणती गल्ली बुजली आणि कोणती मोकळी, हे सांगणारी दोन-चार पोरे-पोरी गावातच असावीत. शाळेत संगणक आहे, पेटी चारजणांत मिळून घेता येते, आणि सुट्ट्या आता लागतच आहेत.