खिळ्यांचं छत आणि भूमितीचा पेपर
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘सध्या काय करतोस?’ यावर बोलायला संयोजकांनी पाच मिनिटं दिली आहेत. आत्ताच गच्चीवरच्या बागेबद्दल ऐकलं, त्याआधी नर्मदा परिक्रमेबद्दल. त्यानंतर हे सांगायला संकोच वाटतो, पण मी दर रविवारी पाच-सहा जणांना घरी बोलावतो आणि त्यांना ठार मारायच्या युक्त्या काढतो.

घाबरू नका. खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत काढला. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. त्याची ताकद, चपळाई आकड्यांत वहीत लिहून ठेवतो. एक जण गोष्ट सांगतो, तो मी. ‘भुयाराच्या टोकाला दगडी दार आहे, काय करता?’ मग ते काय करतात ते सांगतात आणि शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. थोडक्यात, आपण मधल्या सुट्टीत चिंचेखाली खेळायचो तेच, फक्त नियमांचं जाडजूड पुस्तक असलेलं.

या खेळात भुयारं असतात आणि भुयारात सापळे. सापळ्यांसाठी माझी मदार सिनेमांवर. ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ आठवतो? अमरीश पुरी होते तो, १९८४चा. आपण वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणला होता. त्यात एक खोली आहे. दार बंद होतं आणि खिळ्यांचं छत खाली येऊ लागतं. सुटकेचा खटका एका भोकात असतो, आणि ते भोक किड्यांनी बुजबुजलेलं! मी ती खोली जशीच्या तशी उचलली. सिनेमात खिळे जमिनीतूनही येतात, ते मात्र आळसाने गाळले.

आमच्यात सोसायटीतली सातवीतली एक मुलगी खेळते. दीड वर्ष ती एकच पात्र खेळत होती, वहीत त्याची चित्रं काढलेली. त्या रविवारी ती खोलीत सगळ्यांच्या आधी शिरली. मी फासा टाकायला सांगितला, तीन पडले. दार बंद, छत खाली, पात्र खलास. मी खुशीत होतो. ती म्हणाली, “काका, पण मला काही करताच आलं नाही.” वही मिटून घरी गेली, आणि पुढचे दोन रविवार आली नाही.

मी स्वतःची समजूत घातली की खेळ आहे, चालायचंच. गायगॅक्सने १९७५च्या एका स्पर्धेसाठी ‘टूम ऑफ हॉरर्स’ नावाचं थडगं रचलं होतं. तिथे भिंतीवर हिरवा राक्षसी चेहरा आहे, त्याच्या काळ्या तोंडात शिरेल तो नाहीसाच होतो. पण तो चेहरा समोर दिसतो तरी! ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’मध्येसुद्धा भाले सुटतात ते उन्हाच्या तिरिपीत हात घातल्यावर, आणि ती तिरीप डोळ्यांना दिसते. माझ्या खोलीत दिसण्यासारखं काहीच नव्हतं. सिनेमातला नायक वाचणार हे दिग्दर्शकाने ठरवलेलंच असतं. माझ्या टेबलावर तसं काही ठरलेलं नव्हतं.

तेव्हा आठवले आपले भूमितीचे सर. सर, तुमचे पेपर भयंकर असायचे. पक्ष, साध्य, सिद्धता! रडवेल्या पोराला तुम्ही एवढंच सांगायचात की पक्ष परत वाच. नववीच्या सहामाहीत एका प्रश्नात कोनाचं माप द्यायचंच राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन तुम्ही म्हणालात, “पक्ष अपुरा होता, चूक माझी,” आणि सगळ्यांना चार गुण दिलेत. मीही त्या मुलीच्या घरी गेलो, हेच शब्द वापरले, आणि ती खोली पुन्हा खेळू म्हटलं.

या वेळी नीट मांडणी केली. भिंतींवर वरून खाली आलेले ओरखडे, कोपऱ्यात भोक पडलेलं शिरस्त्राण, फरशीत ओळीने पडलेले छोटे खड्डे. किड्यांचं भोक होतंच. ती खटका कधी शोधते याची मी वाट बघत होतो. ती मात्र खड्ड्यांवर अडून बसली.

“काका, दोन खड्ड्यांत अंतर किती?”

“दीड हात.”

“आणि खिळे केवढे?”

“हातभर.”

तिने कागदावर चौकोन आखला, ठिपके दिले, आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, “दोन ओळींच्या मध्ये आडवे पडा!” खिळे फरशीला टेकले आणि छत त्यांच्या अंगावर हातभर उंचीवर थांबलं. पुढचा सापळा लावायला छत परत वर जाणारच होतं. खटक्याला कुणी हातही लावला नाही. जमिनीतले खिळे मी गाळले होते ना! हे उत्तर मी लिहिलेल्या पक्षातच होतं आणि मलाच दिसलं नव्हतं.

तिला मी सरांचा किस्सा सांगितलाय. तो अपुरा प्रश्न नेमका कोणता होता, असं तिने विचारलंय. मला आठवत नाही. सर, तुम्हाला आठवत असेल तर जेवताना सांगा, मी कागद आणलाय.