वैयावृत्त्य : रुग्णालयातून घरी येताना



जैन दर्शनाने सहा अंतरंग तपांमध्ये वैयावृत्त्याला स्थान दिले आहे. तत्त्वार्थसूत्रात वैयावृत्त्यास पात्र अशा दहांमध्ये ‘ग्लान’ म्हणजे रुग्ण साधूचा उल्लेख आहे. चार दानांत औषधदानही आहे. याच भावनेतून जैन समाजाने ठिकठिकाणी दवाखाने उभारले, रुग्णांना खाटा, वॉकर व चाकाच्या खुर्च्या देण्याची सोय केली. परंतु वृद्ध रुग्ण रुग्णालयातून घरी येतो, त्या दिवसापासून सेवेची खरी कसोटी लागते.

हाती डिस्चार्ज कार्ड व नव्या गोळ्यांची पिशवी असते. घरी जुन्या गोळ्यांचा डबा असतोच. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोन्हीकडे असू शकते. मधुमेहाची गोळी अशी दुप्पट गेल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरून जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१७ च्या औषधसुरक्षा मोहिमेत रुग्णाच्या अशा स्थलांतरावर विशेष भर दिला.

जैन घरात आणखी एक प्रश्न असतो. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणारी आजी रात्रीची गोळी मुकाट्याने बाजूला ठेवते. एखादे आजोबा उपवासातही मधुमेहाची गोळी घेतात. डॉक्टरांना व्रताची कल्पनाच नसते. कित्येक औषधांच्या वेळा बदलता येतात. मात्र तो निर्णय डॉक्टरांचाच असावा. षोडशकारण भावनांमध्ये वैयावृत्त्यकरणाबरोबरच ‘शक्तितस्तप’ही सांगितले आहे, याचे स्मरण ठेवावे.

म्हणून प्रत्येक वृद्ध रुग्णामागे एक जबाबदार व्यक्ती हवी. मुले परगावी असतील, तर ट्रस्टच्या कार्यकर्त्याने हे दायित्व स्वीकारावे. सुट्टी मिळण्यापूर्वीच जुन्या-नव्या औषधांची एकच यादी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी, व्रत-नियम सांगावेत, धोक्याची लक्षणे विचारून लिहून ठेवावीत. दोन दिवसांत घरी भेट द्यावी आणि फेरतपासणीला सोबत जावे.

खर्चाचाही विचार हवा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना ७० वर्षे व त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता खुली झाली. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांच्या या संरक्षणात सुट्टीनंतरच्या १५ दिवसांचा खर्चही धरलेला आहे. ते कार्ड आजारपणापूर्वीच काढून ठेवावे.

ट्रस्टने पन्नास वर्षांत दानाची परंपरा जोपासली. वृद्धाच्या उशाशी बसून औषधांची यादी वाचणारा एक कार्यकर्ता प्रत्येक गल्लीत तयार झाला, तर ती परंपरा घराघरांत पोहोचेल.

जय जिनेंद्र!