बेरीज आणि क्रम

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा जिल्हा चौदा तालुक्यांचा. २०११ च्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ भरली. ही बेरीज अकोल्यापासून जामखेडाकडे केली काय किंवा उलट केली काय, उत्तर एकच येतें. पण तें कां यावें?

आपणांजवळ नियम दोनच आहेत. दोन संख्यांची अदलाबदल केली तरी बेरीज बदलत नाहीं. आणि तिहींपैकीं आधीं पहिल्या दोन मिळविल्या किंवा शेवटच्या दोन, तरी फल तेंच. चौदा संख्यांविषयीं हे नियम मुग्ध आहेत. चौदा तालुके मांडण्याचे प्रकार ८,७१७ कोटींहून अधिक होतात. ते एकेक तपासणें अशक्य. तेव्हां सिद्धताच हवी.

तेरा संख्यांची बेरीज क्रमावर अवलंबून नसते, असें क्षणभर धरूं. दोन कारकून चौदा आंकडे निरनिराळ्या क्रमानें मिळवीत आहेत. पहिल्याच्या यादींत जामखेड शेवटीं आहे, दुसऱ्याच्या यादींत मध्येंच कोठें तरी. त्याच्या आधींची बेरीज ‘अ’ व लगतचा पुढचा आंकडा ‘ब’ मानूं. जामखेड आरंभींच असेल तर ‘अ’ शून्य. ‘अ’मध्यें जामखेड मिळवून मग ‘ब’ मिळविला, किंवा आधीं ‘ब’ व मग जामखेड, तरी वरील दोन नियमांनीं फल एकच. असें एकेक पाऊल सरकत जामखेड शेवटीं जातें. उरले तेरा; त्यांची बेरीज दोघांची एकच, हें आपण धरलेंच आहे. तेरांचें बारांवरून, बारांचें अकरांवरून, असें उतरत आपण दोन संख्यांशीं येतों, आणि तेथें पहिला नियमच साक्ष देतो. ह्या रीतीस गणिती विगमन म्हणतात.

ह्यांतूनच दुसरें फलित निघतें. प्रत्येक तालुक्यांतील स्त्रीपुरुष मिळवून मग तालुके मिळवा, किंवा सर्व पुरुष २३,४२,८२५ व सर्व स्त्रिया २२,००,३३४ मिळवा, बेरीज तीच. हिशेबनीस उभी व आडवी बेरीज ताडून पाहतो, ती ह्याच बळावर. दोन्ही जुळल्या नाहींत, तर दोष कोठें तरी मांडणींत किंवा मोजणींत आहे, हें निश्चित.

मात्र पदें अनंत असलीं कीं हा भरंवसा सुटतो. एक उणें अर्धा, अधिक एक तृतीयांश, उणें एक चतुर्थांश, अशी न संपणारी मालिका घ्या. रीमान ह्या जर्मन गणितज्ञानें १८५४ सालच्या प्रबंधांत दाखविलें कीं, अशा मालिकेंतील पदांचा क्रम बदलून मनास येईल ती बेरीज आणतां येते. चौदा तालुक्यांचा हिशेब कोठें तरी संपतो, म्हणूनच तो क्रमाच्या अधीन नाहीं.