शाळेनं जायचं

मुलांना शिकवणं आणि मोठ्यांना शिकवणं, यांत गेल्या शंभर वर्षांत काय बदललं, हा आजचा विषय.

पूर्वी मुलांची शाळा म्हणजे पाटी, पाढे आणि छडी. समजलं का, हे कुणी विचारत नसे. पाठ झालं का, एवढंच पाहिलं जाई. हे बदलण्यात ताराबाई मोडकांचा वाटा मोठा. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून त्या १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या. सोबतीला अनुताई वाघ. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

इथं जरा थांबायला हवं. बोर्डीत वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात भरू लागली, म्हणून ती अंगणवाडी. कोसबाडची वारली मुलं गुरांमागे असत, म्हणून शाळा कुरणावर गेली. गुरं चरताहेत आणि तिथंच गाणी, गोष्टी, मोजणी चाललीय! साधनंही तिथलीच, पानं, बिया, खडे. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनं मुलाकडे जायचं. पुन्हा सांगायला हवं, कारण हे अजून सगळीकडे रुजलेलं नाही: शाळेनं जायचं. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं छडीला बंदी केली, आणि मुलांच्या मानसिक छळालाही.

मोठ्यांसाठीही प्रयत्न जुनेच आहेत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली; दिवसा राबणाऱ्याला रात्रच मोकळी. १९७८ मध्ये देशभर प्रौढ शिक्षणाचा कार्यक्रम आला. पण मुलांच्या वर्गातून जे गेलं, ते मोठ्यांच्या वर्गात बरेचदा राहिलं: गिरवा, घोका, चुकलात तर पुन्हा. जिनं जन्मभर भाजी विकली, तिचा हिशोब तोंडी पक्का असतो. तिला एक ते दहा आकडे म्हणायला काय लावायचे? तिला वाचायची असते एसटीची पाटी, औषधाची चिठ्ठी. आणि हवी असते सही.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावानं हे ओळखलं. ८ मार्च २०१६ रोजी तिथं जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारानं आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी साड्या नेसून, पाठीला दप्तर लावून, घरकाम आटोपल्यावर दुपारी यायच्या. अंगठ्याऐवजी सही करता यावी, ही त्यांची मोठी हौस. वेळ त्यांच्या सोयीची, शाळा त्यांच्या गावातली. कोसबाडचीच रीत ही.

घरातल्यांना मात्र एक सांगायला हवं. आजी अक्षराला अडखळली की नातवंडांदेखत हसू नका. मूल हसण्यावारी नेईल. आजी पाटी खाली ठेवेल आणि पुन्हा उचलणार नाही.

वेळ संपत आली, म्हणून शेवटचं. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी सध्या केंद्राचा ‘उल्लास’ कार्यक्रम चालू आहे, आणि तो स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. शेजारीपाजारी कुणी अंगठा उठवत असेल, तर जवळच्या शाळेत चौकशी करा आणि शिकवायला स्वतःचं नाव द्या.